घसाऱ्याच्या पलीकडे : प्यूजो २०५ जीटीआयची मालकी आणि तिचा आनंद

बँकेच्या वाहनकर्ज विभागात रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यास पहिल्याच आठवड्यात एक धडा मिळतो : मोटार ही घटत्या मूल्याची मालमत्ता होय. विक्रेत्याच्या दालनातून ती रस्त्यावर आली की तिच्या किमतीस ओहोटी लागते. आपल्याकडील मोटारविम्याचे कोष्टकही हेच सांगते. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, असे करीत पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा वजा करून मोटारीचे विमामूल्य निश्चित होते. पाच वर्षांनंतर मात्र हे कोष्टक संपते. त्यापुढील मूल्य विमा कंपनी व मालक यांनी परस्पर संमतीने ठरवावयाचे असते.

कोष्टक जेथे संपते तेथून पुढे बहुतेक मोटारींची वाट भंगाराच्या दिशेने जाते. क्वचित एखादी मोटार मात्र उलट दिशेने चालू लागते. अशाच एका मोटारीविषयी विचारणा घेऊन काही काळापूर्वी आमच्या शाखेत एक खातेदार आले होते. ते अनेक वर्षांपासून ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. त्यांच्या एका मुदत ठेवीची मुदत पूर्ण होत होती आणि त्या रकमेतून त्यांना तिकडे १९८०च्या दशकातील एक प्यूजो २०५ जीटीआय विकत घ्यावयाची होती. ते म्हणाले, "तरुणपणी या गाडीचा विम्याचा हप्तादेखील मला परवडण्यासारखा नव्हता. आता गाडी परवडते. पण मला खरे सांगा, ही गुंतवणूक म्हणून कशी आहे?"

प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नव्हते. त्या उत्तराचा शोध घेता घेता जी माहिती हाती आली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

'हॉट हॅचबॅक' म्हणजे काय?

ज्या मोटारीचे मागील दार काचेसह वर उघडते व सामानाची जागा आसनांच्या दालनाशी जोडलेली असते, तिला हॅचबॅक म्हणतात. आपल्या रस्त्यांवर १९८३ मध्ये अवतरलेल्या मारुती ८०० मुळे हा प्रकार घरोघरी परिचित झाला. अशी आटोपशीर, काटकसरी कौटुंबिक मोटार घ्यावी, तिला अधिक शक्तिशाली इंजिन, घट्ट सस्पेन्शन, रुंद टायर व प्रभावी ब्रेक बसवावेत, परंतु तिची दैनंदिन उपयुक्तता तशीच ठेवावी, ही हॉट हॅचबॅकमागील कल्पना होय. आठवडाभर कचेरी, बाजार व मुलांची शाळा. रविवारी डोंगरातील वळणांचा रस्ता. ही दोन्ही कामे एकाच मोटारीने करावयाची आणि तीही मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील किमतीत.

या कल्पनेस लोकप्रियता मिळवून दिली ती जर्मनीच्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. कंपनीतील अभियंता आल्फोन्स लोव्हेनबर्ग व त्यांच्या काही सहकाऱ्यांनी प्रारंभी वरिष्ठांच्या नकळत या मोटारीवर काम केले. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती मांडण्यात आली व १९७६ मध्ये विक्रीस आली. १.६ लिटरचे, इंधन अंतःक्षेपण असलेले ११० अश्वशक्तीचे इंजिन आणि ताशी १८० कि.मी.हून अधिक कमाल वेग, हे त्या काळी लहान मोटारीच्या संदर्भात आश्चर्यच होते. कंपनीने अवघ्या ५,००० मोटारींची योजना आखली होती. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच ४ लाख ६० हजारांहून अधिक जीटीआय तयार झाल्या. बाजाराचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे उदाहरण नेहमी स्मरणात ठेवावे असे आहे.

अडचणीतील कंपनीची तारणहार

जर्मनीच्या या यशाला फ्रान्सने जे उत्तर दिले ते म्हणजे प्यूजो २०५ जीटीआय. १९७८ मध्ये प्यूजोने अमेरिकन क्रायस्लर कंपनीचा युरोपातील व्यवसाय विकत घेतला होता. तो भार पेलताना कंपनीची आर्थिक स्थिती बिकट झाली होती. अशा वेळी, १९८३ च्या आरंभी, २०५ ही लहान हॅचबॅक बाजारात आली आणि तिने कंपनीस सावरले. १९९८ पर्यंत चाललेल्या उत्पादनात ५२ लाखांहून अधिक २०५ मोटारी तयार झाल्या.

तिची जीटीआय आवृत्ती १९८४ मध्ये आली. तिचे १.६ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्तीचे होते, ते १९८६ मध्ये ११५ अश्वशक्तीपर्यंत वाढविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस १.९ लिटरची, १३० अश्वशक्तीची आवृत्ती दाखल झाली. तिला चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते व तिचा कमाल वेग ताशी २०० कि.मी.हून अधिक होता. मोटारीची लांबी मात्र जेमतेम ३.७ मीटर आणि वजन ९०० कि.ग्रॅ.च्या आतबाहेर. तिच्या गतिमानतेचे रहस्य या वजनात आहे. आजच्या मोटारींत सुरक्षेची व सुखसोयींची साधने वाढली, त्यांसोबत वजनही वाढले. त्यामुळे कागदावर अधिक शक्तिशाली असणारी आधुनिक मोटारही चालकाच्या हातास २०५ इतकी हलकी भासत नाही.

तिच्या लौकिकास शर्यतींचेही पाठबळ लाभले. २०५ टर्बो १६ या मोटारीच्या बळावर प्यूजोने १९८५ व १९८६ अशी सलग दोन वर्षे जागतिक रॅली स्पर्धेचे उत्पादकांचे विजेतेपद मिळविले. चालकांचे विजेतेपद अनुक्रमे टिमो सालोनेन व युहा कांक्कुनेन या फिनलंडच्या चालकांकडे गेले. वस्तुतः ती रॅलीची मोटार आतून सर्वस्वी वेगळी होती. तिचे इंजिन आसनांच्या मागे होते व चारही चाकांना गती मिळत असे. तथापि तिचे बाह्यरूप सामान्य २०५ सारखेच असल्याने तिच्या विजयाचे तेज दारातल्या मोटारीवरही पडले.

वळणावरचे गणित

ही मोटार चालविणारे तिच्या ज्या गुणाची स्तुती करतात, त्याच गुणाबद्दल सावधगिरीचा इशाराही देतात. म्हणून तो समजून घेणे आवश्यक आहे.

मोटार वेगाने वळण घेत असताना चालकाने ॲक्सिलरेटरवरील पाय अकस्मात उचलला, तर मोटारीचा भार पुढील चाकांकडे सरकतो. मागील चाकांवरील भार घटल्याने त्यांची रस्त्यावरील पकड सैल होते आणि मोटारीचा मागचा भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूस सरकू लागतो. हा भौतिक नियम सर्वच मोटारींस लागू आहे. परंतु २०५ जीटीआयचे वजन कमी आणि त्यातील बराचसा भाग पुढच्या चाकांवर, त्यामुळे तिच्यात हा परिणाम अधिक त्वरेने जाणवतो. कसलेला चालक याच हालचालीचा उपयोग करून मोटारीचे तोंड वळणाच्या आत आणतो. नवखा चालक मात्र घाबरून पाय उचलतो आणि नेमके त्याच वेळी मोटार त्याच्या हातून सुटते.

१९८०च्या दशकातील या मोटारीत एअरबॅग नाहीत, चाक घसरू लागताच हस्तक्षेप करणारी संगणकीय यंत्रणाही नाही. स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा तळहाताला कळतो. आनंद येथूनच मिळतो, कारण चालक आणि रस्ता यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नाही. मध्यस्थ नसल्याने सारी जबाबदारीही चालकाचीच राहते. म्हणूनच जाणकार असा सल्ला देतात की, मालकाने प्रथम काही महिने मोटार सौम्यपणे चालवावी, टायर उत्तम ठेवावेत आणि जमल्यास बंदिस्त मार्गावर प्रशिक्षण घ्यावे. या मोटारीतील खरी मौज ताशी साठ-सत्तर कि.मी. वेगातही मिळते. ती मिळविण्यासाठी सार्वजनिक रस्त्यावर कोणाचाही जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही.

उतरण आणि पुनरागमन

आमच्या खातेदारांना तरुणपणी विम्याचा हप्ता परवडला नाही, यामागे एक इतिहास आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये हॉट हॅचबॅक मोटारींची चोरी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. त्या काळच्या कुलुपांना चोर जुमानत नसत. चोरलेली मोटार बेफाम पळवायची व रस्त्याकडेला टाकून द्यायची, असा एक प्रकार काही शहरांत फोफावला. अखेर १९९२ मध्ये ब्रिटनच्या संसदेस त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जोखीम वाढली तशी विमा कंपन्यांनी हप्त्यांत प्रचंड वाढ केली. तरुण ग्राहक दुरावला, उत्पादकांनी हात आखडता घेतला आणि २०५ जीटीआयची विक्रीही १९९४ पर्यंत थांबली.

पुढील दहा-पंधरा वर्षे या मोटारी अत्यंत स्वस्त होत्या. स्वस्त वस्तूची जी गत होते तीच त्यांची झाली. अनेक अपघातांत नष्ट झाल्या, अनेक गंजल्या, कित्येकींचे सुटे भाग काढून घेऊन सांगाडे भंगारात गेले. जे मालक त्यांच्यावर खर्च करीत राहिले त्यांना लोक वेड्यात काढीत. परंतु ज्या पिढीने या मोटारी विद्यार्थिदशेत दुरून पाहिल्या, ती पिढी पुढे स्थिरावली, तिच्या हाती पैसा आला, आणि तोवर चांगल्या स्थितीतील, मूळ स्वरूपातील मोटारी विरळ झाल्या होत्या. पुरवठा घटला व मागणी वाढली. अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातील नियमानुसार किमती वर गेल्या.

खरेदीपूर्वी तपासणी

कर्जमंजुरीपूर्वी बँक जशी तारणाची छाननी करते, तशीच छाननी या खरेदीतही करावी लागते. पहिली तपासणी मागील धुऱ्याची. २०५ च्या मागील चाकांचे आडवे दांडे सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगवर फिरतात. त्यांचे सील फाटून आत पाणी शिरले की बेअरिंग गंजतात, दांडा झिजतो आणि मागील चाके वरच्या बाजूने आत कललेली दिसू लागतात. मोटारीच्या मागे काही अंतरावर उभे राहून नुसत्या डोळ्यांनीही हा दोष ओळखता येतो. दुरुस्ती शक्य असते, परंतु ती स्वस्त नसते.

दुसरी तपासणी इंजिनाची. त्याचा ठोकळा ॲल्युमिनियमचा असून आतील सिलिंडरच्या नळ्यांभोवती थंड करणारे पाणी थेट खेळते. त्या पाण्यात योग्य प्रतीचे कूलंट नियमितपणे बदलले नसेल तर आतून क्षरण होते. टायमिंग बेल्ट किती कि.मी. चालला याइतकेच तो किती वर्षांचा आहे हे महत्त्वाचे असते, कारण रबर उभ्या मोटारीतही म्हातारे होते. तिसरी तपासणी पत्र्याची. गंज, अपघातानंतरचे सांधकाम, दोन मोटारींचे भाग जोडून केलेली एक मोटार, हे सारे रंगाच्या थराखाली लपलेले असू शकते.

चौथी तपासणी कागदपत्रांची, आणि बँक कर्मचाऱ्यास ती सर्वांत जवळची वाटेल. चासी क्रमांक नोंदणीपत्राशी जुळतो काय? दुरुस्तीच्या पावत्या सलग आहेत काय? मूळ इंजिन आणि मूळ आसने कायम आहेत काय? जुन्या मोटारीच्या बाबतीत पावत्यांची जाड फाईल ही चकाकत्या रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह साक्ष होय.

मालकीचा जमाखर्च

खरेदीची किंमत हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो आणि सर्वांचे लक्ष त्याकडेच असते. मालकास जेरीस आणतो तो त्यानंतरचा महसुली खर्च : कोरडी, सुरक्षित गॅरेजची जागा, वार्षिक देखभाल, न झिजताही वयामुळे बदलावे लागणारे टायर व नळ्या, दुर्मीळ सुटे भाग आणि विमा. इंधनाचा प्रश्नही आहे. ब्रिटनमध्ये २०२१ पासून सामान्य पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व सील अशा मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. त्यामुळे मालकांना अधिक महाग व कमी इथेनॉलचे इंधन घ्यावे लागते किंवा नळ्या बदलून घ्याव्या लागतात. बँका थकीत कर्जांसाठी जशी तरतूद करतात, तशी अकल्पित दुरुस्तीसाठीची तरतूद मालकाने पहिल्या दिवसापासून स्वतंत्र खात्यात ठेवावी, हे उत्तम.

काही सवलतीही आहेत. ब्रिटनमध्ये ४० वर्षे उलटलेल्या मोटारीस, विहित अटी पूर्ण केल्यास, वार्षिक रस्ताकर भरावा लागत नाही. १९८४ च्या पहिल्या २०५ जीटीआय मोटारींनी ही मर्यादा ओलांडली आहे. जर्मनीत ३० वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या मोटारीस 'एच' अक्षराची विशेष क्रमांकपट्टी व ठराविक दराचा कर लागू होतो. फ्रान्समध्येही ३० वर्षांनंतर संग्राह्य वाहन म्हणून नोंदणी करता येते. विम्याच्या बाबतीत 'संमत मूल्या'ची योजना उपलब्ध असते. वर्षभरात मर्यादित अंतर चालविण्याच्या अटीवर, छायाचित्रे व कागदपत्रे पाहून मूल्य आधीच निश्चित केले जाते. ही योजना न घेता सामान्य विमा उतरविणाऱ्या मालकास नुकसानीच्या प्रसंगी केवळ एका जुन्या मोटारीची किंमत हाती पडण्याचा धोका असतो.

आणखी एक बाब मनोरंजक आहे. ब्रिटनच्या करकायद्यात खाजगी मोटार ही झिजणारी मालमत्ता मानली जाते. त्यामुळे ती नफ्याने विकली तरी भांडवली लाभावर कर नाही आणि तोटा झाल्यास त्याची वजावटही नाही. आपल्या खातेदारांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तरतुदीतच दडलेले आहे. किंमत कितीही चढो, कायद्याच्या लेखी मोटार झिजतच असते.

कल्याणचा दुवा

या फ्रेंच मोटारीचा महाराष्ट्राशीही एक क्षीण, परंतु खरा संबंध आहे. २०५ च्याच पायाभूत रचनेवर प्यूजोने १९८५ मध्ये ३०९ ही किंचित मोठी मोटार आणली. हीच ३०९ १९९०च्या दशकाच्या मध्यास प्रीमियर ऑटोमोबाईल्स व प्यूजो यांच्या संयुक्त उपक्रमातून मुंबईनजीक कल्याण येथे तयार होत असे. तिचे इंजिन साधे होते, उपक्रमही अल्पजीवी ठरला. तथापि ज्यांनी ती मोटार वापरली, त्यांनी २०५ च्या धाकट्या नव्हे, थोरल्या बहिणीचा प्रवास अनुभवला असे म्हणता येईल.

भारतात २०५ जीटीआय आणणे मात्र सोपे नाही. वापरलेल्या मोटारीच्या आयातीस सर्वसाधारणपणे ३ वर्षांची वयोमर्यादा आहे, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हिंटेज' नोंदणीसाठी मोटार ५० वर्षांहून जुनी असावी लागते. १९८०च्या दशकातील मोटार या दोहोंच्या मध्ये अडकते. म्हणून हा छंद तूर्त युरोपात राहणाऱ्यांसाठीच सुलभ आहे.

वापर हीच जपणूक

किमती वाढल्यापासून मालकांपुढे एक नवा पेच उभा राहिला आहे. मोटार चालवावी तर अंतरमापकावरील आकडा वाढतो, ओरखड्याची भीती वाटते. न चालविता झाकून ठेवावी तर तिचे मूल्य टिकेल असे वाटते. परंतु यंत्र हे सोन्याचे नाणे नव्हे. उभ्या मोटारीत ब्रेकचे भाग अडकून बसतात, एकाच जागी भार पडून टायर बिघडतात, तेलाविना सील वाळतात, टाकीतील पेट्रोल नासते, बॅटरी मरते. दोन-तीन वर्षे झाकून ठेवलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याचा खर्च पुष्कळदा नियमित वापराच्या खर्चाहून अधिक येतो. ठरावीक कालांतराने इंजिन पूर्ण तापेपर्यंत केलेली फेरी ही तिच्या दृष्टीने औषधाची मात्रा असते.

हे सारे आम्ही आमच्या खातेदारांपुढे मांडले आणि तीन गोष्टी सुचविल्या. पहिली, निवृत्तीसाठी अथवा आजारपणासाठी राखलेली रक्कम यात घालू नये. जी रक्कम पूर्ण बुडाली तरी घरच्या जेवणाच्या ताटावर परिणाम होणार नाही, तेवढीच घालावी. दुसरी, यासाठी कर्ज काढू नये, कारण व्याज निश्चित असते आणि भाववाढ अनिश्चित. तिसरी, विकताना किती मिळतील याचा हिशोब खरेदीच्या दिवशी करू नये.

त्यांनी ठेवीचा मोठा हिस्सा पुन्हा मुदत ठेवीतच गुंतविला. अधिक तपशिलाने शोध घेऊन, चकाकी कमी पण पावत्यांची फाईल जाड असलेली १.६ लिटरची एक मोटार त्यांनी पसंत केली. पुढील भेटीत आम्ही कुतूहलाने विचारले, "आता तिची किंमत किती झाली असेल?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ते पाहायचे राहूनच गेले हो. पण गेल्या वर्षात साडेतीन हजार कि.मी. चालवली."

मुदत ठेवीवरील परतावा व्याजाच्या रूपाने मिळतो आणि तो पासबुकात नोंदविला जातो. या मोटारीचा परतावा रविवारच्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, एखादे वळण नेमके साधले की त्याच क्षणी मिळतो. तो साठविता येत नाही आणि पुढील वर्षावर ढकलताही येत नाही. ज्यास हे मान्य आहे, त्याने अशी मोटार अवश्य घ्यावी. ज्यास केवळ रक्कम वाढवावयाची आहे, त्याच्यासाठी आमच्या शाखेचा ठेव विभाग कामकाजाच्या वेळेत खुला असतोच.